सकाळच्या रसाची प्युरिटी

चूक माझी होती. उसाचा रस थंड असेल तर हायड्रोमीटरवर दिसणाऱ्या आकड्यातून थोडं वजा करायचं असतं. मी ते मिळवलं. एवढंच असतं तर हे लिहायला बसलो नसतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातून असं होतं, सापडतं, दुरुस्त होतं. पण ज्या एका माणसाला ती चूक बघताक्षणी दिसली असती, त्याला डोकावता येणार नाही अशा जागी मी ती ठेवली होती. मुद्दाम ठेवली होती. आणि सापडल्यावर गप्प बसलो.

त्या दिवसांत मी रविवारी स्वारगेटजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. आठवडाभर नोकरी होती, परदेशी कंपन्यांच्या जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं चार आकडी करण्याची. पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि ओळखीतला प्रत्येक जण एकतर अमेरिकेला निघालेला असायचा, नाहीतर स्वतःचं काहीतरी काढत असायचा. मी यांतलं काहीच करत नव्हतो, आणि ते मला फार खुपायचं.

वर्गात एक काका येऊन बसले. पुण्याजवळ मांजरीला राहायचे. साखर कारखान्याच्या लॅबमधून केमिस्ट म्हणून रिटायर झालेले. हातात साबणाची प्लास्टिकची डबी, आणि डबीत फ्लॉपी.

मी विचारलं, "काका, तुम्हाला काय शिकायचंय?"

"शिकायचं काही नाही. शंका आहे. तुमच्या पाटीवर 'सर्व शंकांचे निरसन' लिहिलंय. का ते फी भरेपर्यंतच असतं?"

फ्लॉपीवर एक स्प्रेडशीट होतं. कारखान्याच्या लॅबमध्ये जी आकडेमोड तीन शिफ्टमध्ये तीन केमिस्ट वहीत करतात, ती सगळी त्यात होती. रसात विरघळलेला घन भाग किती, म्हणजे हायड्रोमीटरवर दिसणारं ब्रिक्स. त्यात साखर किती. दोन्हींवरून रसाची प्युरिटी, म्हणजे त्या घन भागात साखरेचा वाटा. काकांनी वयाच्या साठीत पुस्तक समोर ठेवून मॅक्रो, म्हणजे स्प्रेडशीटच्या आतले छोटे प्रोग्रॅम, लिहायला शिकून हे उभं केलं होतं. प्रत्येक ओळीशेजारी रोमन अक्षरांत मराठी टीप: इथे थांबा, तापमान बघा. जो केमिस्ट मागेल त्याला ते फुकट कॉपी करून द्यायचे.

मला त्यात माझी सुटका दिसली.

हे आपण विकू, असं मी त्यांना म्हणालो. स्प्रेडशीटला जोडायचा एक जादा भाग, ऍड-इन. कारखान्याने सीडी टाकायची, मेनूत एक नवं नाव येईल, ते दाबलं की दिवसाचा रिपोर्ट तयार. काका तयार झाले. भांडण झालं ते ऍड-इन कशात लिहायचं यावरून.

मॅक्रोतच ठेवलं तर काम महिन्याभराचं होतं, पण मॅक्रो उघडे असतात. पासवर्ड घालता येतो, तो तोडणारे प्रोग्रॅमही फुकट मिळतात. दुसरा रस्ता व्हीबी या भाषेचा, जरा झाकलेला, पण प्रत्येक मशीनवर चार फाइली नीट बसल्या नाहीत तर चालत नाही. तिसरा सी प्लस प्लसचा. त्यात लिहिलं की आत काय आहे ते कुणालाच वाचता येत नाही. काम सहापट, आणि एक चूक झाली की अख्खं स्प्रेडशीट बंद पडतं. मी तिसरा निवडला.

मांजरीच्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखालच्या टेबलाशी बसून मी त्यांना हे समजावत होतो. मॅक्रो हळू चालतात, असंही सांगितलं. ते खोटं होतं. लॅबच्या चार आकड्यांना कसला वेग लागतो?

"उघडं असलं तर असू दे," काका म्हणाले. "मी लॅबमध्ये लागलो तेव्हा माझ्या रीडिंगनंतर दुसरा कुणीतरी येऊन तेच रीडिंग परत घ्यायचा. सगळ्यांचं नाही हं. माझंच. पहिली काही वर्षं मी चिडायचो. मग प्रत्येक पायरी वहीत लिहायला लागलो. म्हटलं या, बघा, चूक दाखवा. कुणाला सापडली नाही. तेव्हापासून माझं सगळं उघडं असतं."

त्यांचंच रीडिंग का, हे मला विचारावं लागलं नाही. मला कळलं होतं, आणि न कळल्यासारखं मी म्हणालो, "पण काका, कॉपी करतील ना लोक."

"कुलूप चोरासाठी लावताय का माझ्यासाठी?"

"काय काका! भागीदाराला कुणी कुलूप लावतं का?"

लावतं. मी लावलं. काका उद्या फ्लॉपी घेऊन दुसऱ्या कुणाकडे गेले, किंवा सवयीने सगळ्यांना वाटत सुटले, तर माझ्याकडे काय उरणार होतं? सूत्रं त्यांची, कारखान्यांतल्या ओळखी त्यांच्या. माझं म्हणून फक्त हे न वाचता येणारं पुडकं असणार होतं. म्हणून सी प्लस प्लस. बाकीची सगळी कारणं नंतर शोधलेली.

मी नोकरी सोडली. वारज्याच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि आठ महिने तिथेच काढले. ऍड-इन कधी चालायचं, कधी सगळं घेऊन कोसळायचं. माझ्या मशीनवर चालायचं ते क्लासमधल्या मशीनवर मेनूत दिसायचंच नाही, कारण तिथे स्प्रेडशीटची जुनी आवृत्ती. ते जमवलं की नव्या आवृत्तीत बिघडायचं. बायकोच्या पगारावर घर चाललं होतं. एक दिवस ऑफिसमधून येऊन पर्स न ठेवताच ती दारात उभी राहिली.

"सगळ्या ऑफिसला सांगून बसलेय, नवरा स्वतःचं सॉफ्टवेअर काढतोय म्हणून. रोज विचारतात, निघालं का? काय सांगू, निघतंय आणि परत आत जातंय?"

मी हसलो नाही. तीही हसली नाही.

त्याच दिवसांत मी ते केलं. काकांच्या मॅक्रोत तापमानाच्या दुरुस्तीचे दोन वेगळे भाग होते. रस ठरलेल्या तापमानापेक्षा गरम असेल तर एक, थंड असेल तर दुसरा. दोन्ही जवळजवळ सारखेच दिसायचे. नवशिक्याचं काम, मी मनात म्हटलं. तापमानातला फरक काढला, त्याचं चिन्ह टाकून दिलं, दोन्हींना मिळून एकच कोष्टक लावलं. वीस ओळींच्या सहा झाल्या, आणि त्या सहा ओळींचा मला अभिमान वाटला. टिपाही काढून टाकल्या. त्यातली एक मला अजून पाठ आहे: थंड रस. इथे वजा. विसरू नका.

तपासणी झाली ती एप्रिलमध्ये, हंगाम संपता संपता. रस गरमच असायचा, आणि गरम रसाला मिळवायचंच असतं. माझे आकडे आणि काकांचे आकडे दशांशापर्यंत जुळले. "कोड दाखवा," ते एकदा म्हणाले. "तुम्हाला लागणार नाही काका, ते फार वेगळं असतं," मी म्हणालो. त्यांनी परत विचारलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याहून एसटीने तीन तासांवरचा एक कारखाना. तिथले चीफ केमिस्ट कधीकाळी काकांच्या हाताखाली शिकलेले. काकांच्या शब्दावर त्यांनी ते घेतलं. ऍड-इन उघडलं की पहिल्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं, 'सूत्रे', आणि पुढे काकांचं नाव. माझं खाली, बारीक. तेवढा मोठेपणा मी दाखवला होता.

डिसेंबरात चीफ केमिस्टचा फोन आला. आम्ही दोघं गेलो. लॅबमध्ये रसाचा आंबूस-गोड वास, टेबलावर काचेची नळकांडी. सकाळच्या शिफ्टचा केमिस्ट कोपऱ्यात हात बांधून उभा.

"सर, सकाळची प्युरिटी रोज दोनने खाली येते," चीफ केमिस्ट काकांना म्हणाले. "दुपारी ठीक. याचं रीडिंग चुकतंय म्हणून मी याला मेमो दिला."

कोपऱ्यातून आवाज आला, "हातानं काढली की बरोबर येती, साहेब. मी तवाच सांगितलं हुतं."

"सर, फॉर्म्युले तुमचेच ना?"

"माझेच," काका म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मला चूक कुठे आहे ते माहीत नव्हतं. पण ती माझ्याकडे असू शकते, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "आपण पुन्हा एकदा तपासून घेऊ."

"घ्या तपासून. तोवर हातानेच चालू दे." चीफ केमिस्टनी आवाज खाली आणला. "आणि सर, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमच्या आकड्यांवर आता मी एकाला डबल चेकिंगला बसवतो."

काकांनी मान डोलावली. टेबलावरचं हायड्रोमीटर उचलून फडक्याने पुसलं आणि जागेवर ठेवलं.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. मग म्हणाले, "मला आत काय लिहिलंय ते दाखवा."

"काका, ते सी प्लस प्लसमध्ये आहे. तुम्हाला कळायचं नाही."

"मग मी तपासू काय?"



मला दोन दिवसांत सापडलं. थंड सकाळी रसाचं ब्रिक्स वाढीव यायचं, म्हणून प्युरिटी घसरायची. एक वजाचं चिन्ह. ते घातलं, नवी सीडी केली, सोबत कारखान्याला पत्र टाईप केलं: 'सुधारित आवृत्ती पाठवत आहे. काही सूत्रांत दुरुस्ती केली आहे.' सूत्रांत. हा शब्द मी विचार करून घातला. सूत्रं कुणाची, ते पहिल्या पडद्यावर लिहिलेलं होतंच. आणखी दोन कारखाने या पहिल्या कारखान्याकडे चौकशी करून ठरवणार होते. प्रोग्रॅमरच चुकला असं कळलं तर संपलं, असं मला वाटत होतं. वयस्क माणसाच्या जुन्या सूत्रात काही राहिलं, तर लोक सांभाळून घेतात.

दोन्ही कारखान्यांनी घेतलं नाहीच.

काका दर आठवड्याला फोन करायचे. "सापडलं का?"

"नव्या व्हर्जनमध्ये ठीक येतंय, काका."

"ठीक येतंय ते ऐकलं. चूक काय होती?"

"बरंच काही बदललंय…"

"हं."

फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "आणखी किती आठवडे त्यांना फोन करायला लावणार आहेस?" मी उठून आतल्या खोलीत गेलो. तिथे करायला काहीही काम नव्हतं. मशीन चालू करून त्या सहा ओळी बघत बसायचो. नोकरीसाठी अर्ज लिहायला घ्यायचो आणि 'अनुभव' या रकान्यापाशी अडकायचो.

मार्चमध्ये फोन यायचे थांबले. मी मांजरीला गेलो, तब्येत बघायला असं स्वतःला सांगून. काका टेबलाशी भिंग घेऊन बसले होते. समोर कारखान्याच्या रजिस्टरच्या झेरॉक्स आणि तीन वह्या भरलेल्या. डिसेंबरपासूनची प्रत्येक सकाळची शिफ्ट त्यांनी हाताने परत काढली होती. एक वही माझ्यापुढे सरकवली.

"हे पान बघा. इथे मी दुसरं कोष्टक वापरायला हवं होतं का? मला आता सांगता येत नाही." त्यांनी चष्मा काढला. "माझ्याच हातून झालं असणार. वय झालं. एवढी वर्षं ते परत रीडिंग घ्यायचे, बरोबरच होतं म्हणायचं त्यांचं."

ते पान बरोबर होतं. सगळीच पानं बरोबर होती.

मी सांगितलं. वीस ओळींच्या सहा, चिन्ह, टीप, दोन दिवसांत सापडलेलं, पत्रातला शब्द. कुलूप कुणासाठी होतं तेही.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे माझ्या मॅक्रोत ते बरोबर होतं."

"हो."

"टीपही होती."

"हो."

"काढलीत."

"हो. काका, मला माफ…"

"मला काय सांगताय? मी बरोबर होतो, एवढं मला कळलं, माझं काम झालं. मेमो कुणाला मिळाला? डबल चेकिंग कुठे बसलंय? तिथे सांगा. सकाळच्या शिफ्टला. मी येतो बरोबर, ऐकायला."

आठ दिवस लागले. सी प्लस प्लसचं सगळं बाजूला ठेवून मी त्यांच्या मॅक्रोंवरूनच ऍड-इन परत केलं, पासवर्ड न घालता, त्यांच्या सगळ्या टिपा जिथल्या तिथे. त्यानंतर ते विकलं गेलं नाही. मागेल त्याला मिळालं.

कारखान्यात पोचलो तेव्हा सकाळची शिफ्ट सुटायला थोडा अवकाश होता. चीफ केमिस्ट होते, मेमो मिळालेला केमिस्ट होता, डबल चेकिंगवाला आपली वही घेऊन बसला होता. काका दाराशी स्टूलवर बसले. मी मशीनवर ती वीस ओळींची जागा उघडली. आधी टीप मोठ्याने वाचली. मग म्हणालो:

"हे काकांनी लिहिलं होतं. बरोबर होतं. थंड रसाला वजा करायचं, तिथे मी मिळवलं. त्यांना दिसू नये म्हणून झाकलं. डिसेंबरात चूक सापडली, तेव्हा ती त्यांच्या नावावर जाऊ दिली. सकाळचं रीडिंग कधीच चुकलं नव्हतं, साहेब, तो मेमो माझा आहे. आणि काका, तुमच्या आकड्यांवर परत माणूस बसला तो माझ्यामुळे. मला माफ करा."