बेसबॉलच्या सरांनी भरलेला दंड

शहादा तालुक्यात बेसबॉल हा खेळ आजही कोणाला कळत नाही, याचं सगळं श्रेय आमच्या शाळेच्या खेळाच्या सरांना जातं, कारण तो त्यांनी जन्मभर सगळ्यांना समजावून सांगितला. लग्न असो, साखरपुडा असो, की दहाव्याला नदीकाठी जमलेली माणसं असोत, सर पोचले की खेळ सुरू. लोणखेड्याच्या एका लग्नात तर त्यांनी भर पंगतीत नवरदेवाच्या मामाच्या ताटात चार कोपऱ्यांना बट्टीचे चार तुकडे मांडले, मध्ये वरणाची वाटी ठेवली आणि पळणारा गडी कुठून कुठं जातो ते हिरवी मिरची फिरवून दाखवलं. मामा म्हणजे केळीचा मोठा बागायतदार, शांत माणूस. वरण गार होईपर्यंत त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "ते समदं खरं शे सर, पन ओव्हर कितल्या बाकी शेत?" सर चिडले नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्या तुकड्यापासून सुरुवात केली.

मी गणिताचा मास्तर. ज्याला बेरीज येते त्यानं सुट्टीच्या दिवशी घरी आराम का करावा, असा विचार करून सरांनी मला गुण लिहायला बसवलं. त्यामुळे त्यांच्या प्रशिक्षणाचा मी जवळचा साक्षीदार. शाळेच्या मैदानाला लागून केळीची बाग होती. तिच्यात गेलेला चेंडू परत मिळत नसे आणि शाळा नवा चेंडू देत नसे. सगळ्या जगात जो चेंडू सर्वांत लांब मारतो त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. आमच्याकडे त्याला सर मैदानाला फेऱ्या मारायला लावत. परिणामी आमच्या पोरी चेंडू पायापाशी मऊ टाकण्यात इतक्या तरबेज झाल्या, की बाहेरच्या संघांना वाटे, ही काहीतरी परदेशी युक्ती आहे. सरही तसंच वाटू देत.

आणि खुणांचं शास्त्र तर विचारूच नका. पळणाऱ्या पोरीला बाहेरून ओरडून सांगायचं नसतं, खुणेनं सांगायचं असतं, हे सरांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी सगळ्या खुणा आपल्या टोपीवर बसवल्या. टोपी मागं सरकवली तर थांब, पुढं ओढली तर सावध, आणि उचलली तर पळ. व्यवस्था चोख होती. फक्त सरांना कोणी राम राम केला, की ते टोपी उचलून उत्तर देत, आणि अख्ख्या तालुक्याला त्यांना राम राम करायची सवय होती. मी ही अडचण एकदा सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "राम राम ना जबाब नही देवाना? मानुस शे का कोन शे मी?" यावर गणितात उत्तर नाही.

खेळाडू निवडायची त्यांची पद्धतही स्वतःची होती. वसतिगृहातली रमिला ही तोरणमाळकडच्या एका पाड्यावरची पावरा मुलगी. मुख्याध्यापकांच्या दारातल्या चिंचेवर ती दगड मारत होती, म्हणून तिला सरांकडे शिक्षेला पाठवलं. तिनं एका दगडात चिंचेचं एकच बोटूक पाडलं, पानालासुद्धा धक्का लागला नाही, हे ऐकल्यावर सरांनी शिक्षा म्हणून तिला संघात घेतलं. दहावीच्या वर्षी तिच्या बापानं निरोप धाडला, की संघ राज्य पातळीवर गेला तर पोर पुढं शिकेल, नाही गेला तर परीक्षा झाली की घरी येईल. हे कळल्यापासून सर बेसबॉल समजावून सांगायचे थांबले. गावाला वाटलं, माणूस आजारी आहे.

विभागाच्या शेवटच्या सामन्यात बरोबरी होती आणि रमिला तिसऱ्या टप्प्यावर उभी होती. ती शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे खेळातल्या 'घरी', पोचली असती तर आम्ही जिंकलो असतो. मी मान खाली घालून आकडे लिहीत होतो. ओरडा ऐकून वर पाहिलं, तर ती भलत्याच वेळी सुटली होती आणि चेंडू तिच्या आधी पोचला होता. पुढच्या डावात आम्ही हरलो आणि राज्य पातळी हुकली. सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, की म्हसावदचा कोणीतरी व्यापारी कुंपणामागून राम राम म्हणाला आणि आपला हात टोपीला गेला. मी कपाळावर हात मारला. पुढं कितीतरी वर्षं ते शिक्षकांच्या खोलीत आले, की मी राम राम घालून शेजाऱ्याकडे बोट करून म्हणायचो, "धरा रे याला, पळेल." सगळे हसत. सरही हसत.

परीक्षा संपल्यावर ते मला घेऊन रमिलाच्या पाड्यावर गेले. घाट चढताना जीपमध्ये तिच्या शेजारी बसून ते हळू आवाजात काहीतरी सांगत होते. पाड्यावर दोन-चार म्हातारी माणसं बसली होती. त्यांची रीत अशी, की वाद असेल तर ज्याची चूक त्यानं सर्वांसमोर कबूल करायची आणि दंड भरायचा. सरांना पावरी बोली येत नव्हती, शुद्ध मराठी तर त्याहून येत नव्हती. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बापाला जमेल तशा मराठीत म्हणाले, "पोरीची चूक नाही. चूक माझी."

बापानं बसलेल्या म्हाताऱ्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, "चूक तुमची, तर दंड पण तुम्ही भरा. पोरीला तुमच्या घरी ठेवा. शिकवा."

रमिला बारावी होईपर्यंत सरांच्या घरी राहिली. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आधीच पाच माणसं होती. मी त्यांना म्हणालो, एका राम रामाला एवढा दंड जगात कोणी भरला नसेल. ते म्हणाले, "स्वस्तात सुटनू."

या उन्हाळ्यात सर गेले. तेराव्याला रमिला आली होती. आता ती एका आश्रमशाळेत खेळाची बाई आहे. ओसरीवर बसून मी सवयीनं तो टोपीचा किस्सा काढला. ती हसली नाही. म्हणाली, "गुरुजी, त्या दिवशी कोणी राम राम केलाच नव्हता. सरांचा हात टोपीला लागलाच नाही. मला वाटलं चेंडू सुटला, म्हणून मी पळाले. घाटात ते म्हणाले, तू बोलू नको, मी बोलतो."

सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना ठाऊक होतं.

"मला कधी सांगितलं नाही त्यांनी," मी म्हणालो.

"भाऊ, तुमले सांगतात ते सांज व्हवाना पहिले गावभर व्हयी जातं. मंग पोर कशी शिकती?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी चहाचा कप उचलला. सरांचा मला फार राग आला, आणि त्यांची इतकी आठवण आली की कप खाली ठेवावा लागला. आता मी हे गावभर सांगत सुटलोय, पण ऐकायला सर नाहीत.