बांधाचं वळण आणि मुळ्ये सरांचा शनिवार

प्रा. रघुनाथ मुळ्ये यांची आणि माझी पहिली भेट महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात झाली, आणि ती फारशी गोड नव्हती. मी इतिहास विभागात नुकतीच रुजू झाले होते. चष्मा कपाळावर सरकवून बसलेल्या समोरच्या गृहस्थांनी माझं नाव, गाव काहीही न विचारता थेट प्रश्न टाकला, "तुमच्या विषयात आपण चुकलो, हे कसं कळतं हो?" मला वाटलं, भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख आहेत, नव्या मुलीची फिरकी घेताहेत. मी तिरसटपणे म्हटलं, "नवा कागद सापडला की कळतं." त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि नाही सापडला तर?" ते खरोखरच माहिती विचारत होते, हे कळायला बराच काळ जावा लागला.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गौरव समितीने मला 'सरांचे आंतरविद्याशाखीय योगदान' असा भारदस्त विषय दिला आहे. हा शब्द सरांच्या कानावर गेला तर ते चष्मा परत कपाळावर चढवतील. त्यांनी जे केलं ते एवढंच, की रत्नागिरीतल्या आपल्या घराच्या पडवीत दर शनिवारी दुपारी तीन माणसांना एकत्र बसवलं. एक स्वतः, दुसरे सरकारी बांधकामांत उभी हयात घालवून निवृत्त झालेले अभियंते विनायक साळवी, आणि तिसरी मी. बैठकीचा नियम एकच होता. ज्याचा विषय, त्याने बोलायचं नाही. सरांनी इतिहासाची बाजू मांडायची, मी साळवी साहेबांची, त्यांनी सरांची. आणि ज्याची बाजू आहे त्याने "हो, हेच म्हणतोय मी" असं कबूल करेपर्यंत पुढे सरकायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच शनिवारी मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "अभियंत्याला भक्कम बांधायचं असतं." साळवी साहेबांनी मान आडवी हलवली. "भक्कम कोणीही बांधील हो. पुरेसं भक्कम बांधायचं, हातातल्या पैशात, आणि मिरग लागायच्या आत. अर्धंमुर्धं कळलेलं असताना बांधावं लागतं आम्हाला." मला हे वाक्य त्यांच्या पसंतीला उतरेल असं म्हणता यायला चार बैठका गेल्या. सरांना माझी बाजू मात्र लवकर साधली. ते म्हणाले, "मी माझ्या टाकीतनं वारा काढतो, गाळ काढतो, खेकडे काढतो, तेव्हा कुठे मला लाट दिसते. हीच लाट मी उद्या परत आणू शकतो. सुजाताबाईंचं सगळं एकदाच घडून गेलेलं. त्यांनी असं काढत बसायचं ठरवलं तर हाती काही उरणार नाही. त्यांचा खेकडा हाच त्यांचा विषय." मी मान डोलावली. साळवी साहेब गुरगुरले, "खेकडा माझापण विषय आहे. बांध तोच पोखरतो."

ही टाकी म्हणजे मागच्या अंगणातली काचेची लांबलचक पेटी. तिच्यात लाटा उठवायला सरांनी मुळ्ये काकूंच्या शिवणयंत्राची मोटर काढून लावली होती. काकू पुढे कायम पायानेच मशीन चालवत राहिल्या. "माझी मोटर समुद्राला दिली हो ह्यांनी," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि त्यात तक्रारीपेक्षा अभिमानच जास्त असायचा. काकू आता नाहीत. सरांची मुलगी परदेशी असते. टाकी कोरडी आहे.

आमच्या तिघांच्या कामाचा विषय होता माझ्याच गावचा, पावस गावाच्या अलीकडचा एक जुना बांध. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांनी आणि मातीने घातलेला. हा बांध सरळ येतो आणि एका जागी एकदम आत वळतो. या वळणाने आम्हा तिघांना वर्षानुवर्षं कामाला लावलं. साळवी साहेबांच्या मते ती चूक होती; पाणी तिथे घुमतं, पाया खातं, दुरुस्ती करताना ते सरळ करून टाकावं. सरांनी टाकीत बांधाची प्रतिकृती बसवली आणि दाखवून दिलं, की उधाणाची लाट त्या वळणाशी आली की तिचा जोर मोडतो. त्यांना अतोनात आनंद झाला. त्या आनंदात ते एक वाक्य बोलून गेले, "जुन्या लोकांना लाटेचं शास्त्र ठाऊक होतं."

हे वाक्य लोकांना भारी आवडलं. सरांची व्याख्याने झाली, पाहुणे बांध बघायला येऊ लागले, आणि ज्या दुरुस्तीसाठी साळवी साहेब कित्येक वर्षं कार्यालयांचे उंबरे झिजवत होते तिच्याबद्दल वरून आपणहून विचारणा झाली. आपला हट्ट सोडून साळवी साहेबांनी वळणासकट नवा आराखडा काढला. बांधावर सरांचं ते वाक्य कोरलेली पाटी लावायचंही ठरलं.

त्याच सुमारास मी सरांना माझ्या गावी आत्याकडे जेवायला नेलं. आमचं घर बौद्धवाडीत. पाहुणचाराला कुळथाची पिठी, भात आणि आंब्याचं लोणचं. पुष्कळ शिकलेली माणसं आमच्याकडे जेवतात तेव्हा जेवण्यापेक्षा आपण जेवतोय याकडे त्यांचं जास्त लक्ष असतं. सरांनी तसलं काही केलं नाही. दुसऱ्यांदा भात मागितला आणि पिठीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. आत्या हसत सुटली. "आमच्यात मीठ कमी म्हननारे तुमीच पयले वो! शेतात बगा जाऊन, हवं तेवढं हाय." सरांचा हात ताटात थांबला. त्यांनी विचारलं, कुठलं शेत? आत्याने दारातूनच दाखवलं. "त्यो बांद आमच्या शेताशी आला न् आत वलला. आमी भायेर ऱ्हायलो. पानी आलं का मीठ, दुसरं काय?"

बौद्धवाडीची शेतं वळणाच्या बाहेर आहेत हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि मला ते मुद्दाम बाहेर ठेवल्याचा पुरावाच वाटायचं. पुढच्या शनिवारी, साळवी साहेब यायच्या आधीच, मी तसं म्हणाले. वाटलं होतं, सर आता माझ्या बाजूला येतील. कसलं काय! "अगो सुजाता, मुद्दाम वगळलं हे कशावरून?" त्यांनी विचारलं. "आत्याचं सांगणं पुरावा आहे, ते शेतं बाहेर राहिल्याचं सांगतं. माझी टाकीही पुरावा आहे, ती लाट मोडल्याचं सांगते. बांधणाऱ्याच्या मनात काय होतं हे दोघींपैकी कोणीही सांगत नाही. आणि मी बेधडक सांगत सुटलोय!" मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. पण इतकी वर्षं वाटा दाखवणाऱ्या माणसांपेक्षा असं वाटेत अडवणाऱ्या या एका माणसाकडून मी जास्त शिकले.

मग पाटीचा समारंभ आला. गावच्या पटांगणात मांडव, हारतुरे, पुढच्या रांगेत साळवी साहेब इस्त्रीच्या सदऱ्यात. सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, "वळणामुळे लाटेचा जोर कमी होतो, हे मी दाखवलंय. वळण त्यासाठीच घातलं, हे मी दाखवलेलं नाही. परिणाम दिसला म्हणून मी हेतू ठरवून टाकला. पदार्थविज्ञानात असल्या विद्यार्थ्याला मी नापास केलं असतं. याच वळणाच्या बाहेर काही माणसांची शेतं आहेत, ती का बाहेर राहिली, हेही कोणी तपासलेलं नाही. तेव्हा ही पाटी लावू नका." आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही हेच कोणाला कळेना. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या आमच्या वाडीतल्या माणसांनीही वाजवल्या नाहीत. ती नुसती एकमेकांकडे बघत राहिली.

साळवी साहेब चहाला थांबले नाहीत. त्यानंतर त्यांनी पडवीची पायरी चढली नाही. माझ्याशी एकदाच बोलले, "लोक अभिमानापोटी दगड जपतात, शंकेपोटी जपत नाहीत. मुळ्यांना हे कळायला हवं होतं." त्यांचं म्हणणं खोटं ठरलं नाही. पाहुणे यायचे थांबले, व्याख्यानांची आमंत्रणं आटली, दुरुस्तीचा विषय मागे पडला. एका उधाणात वळणाशी भगदाड पडलं आणि आतल्या शेतांतही खारं पाणी गेलं. मग साळवी साहेब पुण्याला मुलीकडे कायमचे राहायला गेले.

सर मात्र शनिवार पाळतात. मीही जाते. दोघांत तो नियम नीट चालत नाही, कारण साळवी साहेबांची बाजू कोणीही मांडली तरी 'हो' म्हणणारा समोर नसतो. अभियंते सरांना आपल्यातले मानत नाहीत, भौतिकशास्त्रवाले म्हणतात हे इतिहासात वाहवले, आणि इतिहासाच्या परिषदांना त्यांना कोणी बोलवत नाही. तीन घरचा पाहुणा आणि एकाही घरी पान वाढलेलं नाही, अशी त्यांची गत आहे. मध्यंतरी एका शनिवारी मला पोहोचायला उशीर झाला. फाटकातून आत शिरताना साळवी साहेबांचा तो खास दम देणारा सूर कानावर आला, आणि मी अक्षरशः पळत पायऱ्या चढले. पडवीत सर एकटेच होते. समोरच्या रिकाम्या खुर्चीला ते साळवी साहेबांच्या ढंगात सांगत होते, "चुकीच्या कारणासाठी वाचलेला बांधही खारं पाणी अडवतोच की हो, मुळ्ये!" मला बघून ते ओशाळले आणि चहा ठेवायला आत गेले. मला रडू आवरेना.

समितीतल्या सन्मान्य सदस्यांना मी इथे एक विचारते. शाल, श्रीफळ, ग्रंथ, सगळं रीतसर होतंय, छान आहे. पण आपल्यापैकी किती जण या काही वर्षांत त्या पडवीत जाऊन बसले? सरांचा मोठेपणा सांगायला आपण सगळे आहोत. त्यांच्याशी वाद घालायला कोणी नाही, आणि त्यांना गरज त्याचीच आहे.

या ग्रंथासाठी लेख मागायला मी साळवी साहेबांना पुण्याला फोन केला. "मी लिहिणार नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, नका लिहू, पण सर तुमची बाजू कशी मांडतात ते तरी ऐका. आणि मी पडवीतलं सगळं सांगितलं, ती रिकामी खुर्ची, तो सूर, ते वाक्य. मग ते म्हणाले, "चूक."

"काय चूक?"

"ही माझी बाजूच नाही. बांधाचं जाऊ दे. बांध काय, आज फुटतो, उद्या बांधता येतो. तो बोलला ते खरंच होतं, मला काय कळत नाही? पण मांडवात बोलायच्या आधी मला सांगायला नको? आदल्या शनिवारी मी शेजारी बसलो होतो त्याच्या. चकल्या खाल्ल्या आम्ही. एक अक्षर बोलला नाही. मी तिथे हार घेऊन बसलो होतो गं, त्याच्या गळ्यात घालायला."

इतकी वर्षं सर साळवी साहेबांची बाजू खाडीत, दगडात, पाण्याच्या जोरात शोधत राहिले. ती तिथे नव्हतीच.

हे मी लिहू का, असं मी विचारलं. "लिही. वाचू दे त्याला," साळवी साहेब म्हणाले. "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना उतरायला डॉक्टर अजून परवानगी देत नाही. नाहीतर तोंडावर येऊन सांगितलं असतं."

सर, ही गोष्ट मी गेले तीन शनिवार तुमच्यासमोर बसून लपवली आहे. ती तुम्हांला या पानावर प्रथम कळते आहे. तुमचं पुढचं आयुष्य दीर्घ असो, पाय चालते राहोत, डोळे आणि कान शाबूत राहोत, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. पुण्याची गाडी सकाळी लवकर सुटते. मी दोन तिकिटं काढायला तयार आहे. त्यांचा गुडघा बरा व्हायची वाट बघू नका.