समजलं नाही म्हणायला शिकवणारी

माझी मुलगी वंदना लकडगंजात एका प्लायवूडच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर जर्मन शिकवते. तिच्याकडे येतात त्या बहुतेक नर्सिंग झालेल्या पोरी. जर्मनीतल्या दवाखान्यांत जागा आहेत, पण भाषा आली पाहिजे. वंदना स्वतः चार वर्षं तिथल्या वॉर्डात राबून आली आहे, आणि हे मी बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतो.

शिकवायचं कसं, यावरून मात्र आमचं वाजायचं. मी सावनेरला एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. फळ्यावर व्याकरणाचा तक्ता, वहीत तक्ता, सकाळी पाठांतर. वंदना पहिले तीन आठवडे पोरींना व्याकरणाचं पुस्तक उघडूच देत नाही. नुसती जर्मनमध्ये बोलते आणि कामं करून घेते: उशी दे, ताप बघ, खिडकी लाव.

"हा वर्ग होय का बालवाडी?" मी एकदा चिडून विचारलं.

"येऊन बसा ना एक दिवस, बाबा."

गेलो. एक पोरगी रुग्ण म्हणून बाकावर आडवी झाली होती. वंदनाने माझ्या हातात बँडेज दिलं आणि जर्मनमध्ये भराभर काहीतरी सांगितलं. मी मान डोलावली आणि ऐटीत त्या पोरीच्या उजव्या पायाला बँडेज गुंडाळलं. बांधायचं होतं डाव्या हाताला. सगळा वर्ग हसून लोटपोट.

"समजलं नव्हतं, तर मान काहून हलवली?"

"तू मास्तरीण ना वं! मास्तरापुढे कोणी नाही म्हणते का आपल्याकडे?"

"हेच तर! ह्या पोरी तिथं डॉक्टरापुढे अशाच माना हलवतीन, अन् औषध भलत्यालेच जाईन."

म्हणून तिचा नेमच होता. प्रत्येकीने रोज निदान दहा वेळा जर्मनमध्ये म्हणायचं, समजलं नाही, पुन्हा सांगा. मला तर हे ऐकूनच राग यायचा. फी भरून अडाणीपणा शिकायचा!

कोराडीची सोनिका या वर्गात आली तेव्हा आधीच्या एका क्लासमध्ये सगळे तक्ते घोकून आली होती. लेखी परीक्षा तिने त्यांच्याच जोरावर काढली, हे मी वंदनाला ऐकवलंच. पण तिकडच्या दवाखान्याच्या मुलाखतीत ती दोनदा नापास झाली होती. त्यासाठी हातची नोकरी सोडलेली. तिसऱ्यांदा हुकलं तर जर्मनीचा नाद सोडायचा, असं तिने ठरवलं होतं.

मुलाखत वंदनाच्या वर्गातच, लॅपटॉपवर झाली. आम्ही बाजूला बसलो. पडद्यावरची वॉर्डप्रमुख बाई एका पेशंटबद्दल भराभर सूचना देत सुटली. सोनिका म्हणाली, समजलं नाही, पुन्हा सांगा; एवढं जर्मन ऐकून ऐकून मलाही कळायला लागलं होतं. बाईने सांगितलं. सोनिका पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच! मी कपाळाला हात लावला. मग मात्र तिने आधी काय करेन, नंतर काय करेन, सगळं हळूहळू सांगितलं, असं वंदनाकडून नंतर कळलं. बाई काहीतरी बोलली आणि वंदनाचे डोळे एकदम भरून आले.

"गेली ना नोकरी?" मी कुजबुजलो.

"लागली, बाबा! बाई म्हणते, मी आज सहा जणींशी बोलली. पाच जणी हो-हो म्हणाल्या अन् चुकल्या. माह्या पेशंटले हीच हात लावू शकते."

माझा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी सावनेरचा वर्ग आठवला. "समजलं का रे?" म्हटलं की साठ पोरं एका सुरात "हो सर" म्हणायची. त्या आवाजावर मी एकतीस वर्षं खूश होतो. त्यांतल्या किती जणांना खरंच समजलं होतं, देव जाणे.

मी उठून वंदनाच्या सगळ्या पोरींसमोर उभा राहिलो. "मी चुकलो," म्हटलं. "तुमची मॅडम माह्यापेक्षा चांगली मास्तर आहे." वर्गापुढे चूक कबूल करायची माझी ती पहिलीच वेळ, आणि लाज तर सोडाच, पोरीचा अभिमान एवढा, की आता बसमध्ये शेजारच्याला मी हेही सांगतो.