घोट्यापाशी ऐकलेलं रक्त

बाबा पडावावर, म्हणजे शिडाच्या गलबतावर, तांडेल होते, खलाशांचे म्होरके. मालवणच्या बंदरात माणसं त्यांना लांबून, नुसत्या चालीवरून ओळखत. साठचं दशक सरता सरता त्यांचा डावा पाय चार पावलांतच दुखू लागला, अंगठा काळानिळा पडला. जन्मभर ओढलेल्या बिड्या भोवल्या.

मी शाळेत शिकवायचे. घरात शिकलेली तेवढी मीच. आगबोटीने त्यांना मुंबईला नेलं. तिथल्या मोठ्या इस्पितळात नवी पेटी आली होती. डॉक्टरांनी पायाला चिकट मलम फासून पेन्सिलीएवढी कांडी टेकवली. आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत जातो, वाहत्या रक्तावर आपटून बदलून परत येतो आणि तो फरक पेटी ऐकवते, असं त्यांनी समजावलं. जांघेत आवाज मोठा होता. घोट्यापाशी नुसती बारीक फुसफुस.

“थोडं का होईना, रक्त पोचतंय. बिडी सोडा, जखम होऊ देऊ नका. पाय राहील.”

बाबांनी बिडी खरंच सोडली. माझं डोकं मात्र त्या फुसफुशीत अडकलं. ती वाढवायला हवी, असं मनाने घेतलं. पाय तर थंडगार. आमच्याकडे गुडघा धरला, पोट फुगलं, की मिठाचा शेक. तेवढ्यासाठी डॉक्टरांना कोण विचारतं? रोज संध्याकाळी जाडं मीठ तव्यावर तापवून, फडक्यात बांधून मी घोट्याला लावायचे.

“माका कायच लागना नाय. आणखी तापव गो,” बाबा म्हणायचे.

मी तापवलं. न लागणं हीच धोक्याची खूण, हे मला दीडशहाणीला कळलं नाही. पाचव्या दिवशी फोड आला, फुटला आणि चिघळत वर चढला.

पुन्हा आगबोट, पुन्हा तीच पेटी. घोट्याच्या वरच्या चांगल्या कातडीवर कांडी टेकवली, तर तीच फुसफुस, जराही कमी नाही. माझ्या जिवात जीव आला.

“हे भाजलं कशाने?” डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“रक्त होतं तेवढंच आहे,” ते हळू म्हणाले. “पाय जगवायला ते पुरलं असतं. एवढी जखम भरायला नाही पुरणार.”

गुडघ्याखाली पाय कापला. बाबा पुन्हा पडावावर चढले नाहीत. विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, “बिडयेन माझो पाय खाल्ल्यान.” मी चहा घेऊन तिथेच उभी असायचे. सगळे मान हलवत. मीही हलवायचे.