काकांची कॅसेट आणि माझी चाळीस गाणी

तारुण्य गेल्याचं दुःख माझ्या बायकोच्या काकांइतकं मजेत भोगणारा माणूस अख्ख्या ओंटारिओत दुसरा सापडायचा नाही. बाकीची माणसं तारुण्य जायला लागलं की केस रंगवतात, जिम लावतात. मी दोन्ही करून पाहिलं. आधी केसांनी साथ सोडली, मग मी जिमची. काका मात्र विंडसरच्या घरासमोर, ड्राइव्ह-वेवर उभ्या असलेल्या आपल्या पुराण्या जपानी गाडीत बसायचे, काचा वर करायचे आणि कॅसेट लावायचे. मग आत कोणीतरी जपानी तरुण जीव तोडून विव्हळायचा आणि काका डोळे मिटून त्याला साथ द्यायचे. आवाज असा, की शेजारच्या इटालियन आजोबांचा कुत्रा उठून घरात जायचा.

ह्याचं मूळ असं, की लग्नाच्या आधी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, पुण्याच्या एका कारखान्याने काकांना वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी नागोयाजवळ पाठवलं होतं. हॉस्टेलच्या खोलीत रेडिओ होता. स्टायपेंडमधून काकांनी टेपरेकॉर्डर घेतला, तो रेडिओसमोर ठेवला आणि दर शनिवारी लागणारी गाणी उतरवून घेतली. पुढे ते कॅनडात आले, गाड्यांचे पार्ट बनवता बनवता रिटायर झाले, दोन घरं आणि पाच गाड्या बदलल्या, पण कॅसेट तीच. सगळी गाणी तारुण्यावर. शाळेचा शेवटचा दिवस, स्टेशनावरचा निरोप, नदीकाठची सायकल, न टाकलेलं पत्र. मी कधी विंडसरला गेलो की मला शेजारी बसवून काका ओळीओळीचं भाषांतर करायचे. "जावईबापू, हा गाणारा जेमतेम बावीस वर्षांचा. आणि तक्रार काय, तर तारुण्य गेलं! आम्ही तेव्हा हसायचो ह्याला. अरे लेका, जायच्या आधीच काय रडतोस? आता कळतं, तो ॲडव्हान्समध्ये रडून ठेवत होता."

तारुण्याला जपानीत 'सेइशुन' म्हणतात ही माहिती त्यांनी मला किमान दोनशे वेळा दिली असेल. तो शब्द त्यांना कशालाही चालायचा. गुडघा कटकन वाजला की "सेइशुन!" दूध उतू गेलं की "सेइशुन!" माझ्या मुलीने "आजोबा, व्हॉट डझ इट मीन?" असं विचारलं तर तिला, "कळेल, घाई नाही," असं सांगून माझ्या टकलाकडे बघायचे. एकदा तर मंडळाच्या गणपतीत त्यांनी जपानी गाणं म्हटलं. पेटीवर मी होतो. गाणं कुठल्या पट्टीत आहे हे मला कळत नव्हतं आणि काकांना माहीत नव्हतं, त्यामुळे आमचे मतभेद झाले नाहीत. पहिल्या रांगेतल्या एक आजी शेवटपर्यंत हात जोडून बसल्या होत्या. प्रसादाच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "कुठल्या मठाचं हो हे?" आणि पेटी कुणी वाजवली, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

पण खरा प्रश्न त्या गाडीचा होता. विंडसर हे अमेरिकन गाड्यांवर पोट भरणारं गाव, नदीपलीकडे डेट्रॉइट. तिथे जपानी गाडी बाळगणं म्हणजे हलवायांच्या गल्लीत राहून मिठाई बाहेरून मागवण्यासारखं. नोकरीत असताना काका गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावून चालत कारखान्यात जायचे. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने ती आता इतकी गंजली होती, की पायाखाली मॅट होतं आणि मॅटखाली थेट कॅनडा. शेवटी त्या साली नोव्हेंबरात काकूंनी फर्मान काढलं, "विंटर टायर घालायच्या आत ही रडकी गाडी जाईल, नाहीतर मी जाईन." काका म्हणाले, "मग तुझ्या गाडीचे टायर आधी घालतो." काकूंनी चिडून भंगारवाल्याला फोन केला आणि शनिवारी दुपारचा टो ट्रक सांगून टाकला. त्या गाडीत त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

अडचण अशी, की कॅसेट सहा वर्षांपासून प्लेअरमध्ये अडकली होती. वाजायची, एक बाजू संपली की आपोआप दुसरी लागायची, पण बाहेर यायची नाही. एकदा रिवाइंड केल्यावर प्लेअरने फीत चावली होती, तेव्हापासून काकांनी त्या बटणावर चिकटपट्टी लावली होती. "जन्मभर गाड्यांची हाडं जोडली, पण ह्याला हात लावायची माझी हिंमत नाही," ते म्हणायचे. गाडी गेली तर कॅसेट गेली.

बायको मला म्हणाली, "तू कॉम्प्युटरमधला ना? जा, समजाव काकांना." माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. टोरांटोजवळ मार्कहॅममधल्या आमच्या घरी बसून मी दोन संध्याकाळी खपलो, त्या काळची तारुण्यावरची चाळीस जपानी गाणी शोधून काढली, तीही अशी स्वच्छ की खरखर औषधाला नाही. सगळी फोनवर उतरवली, छोटा स्पीकर घेतला आणि शनिवारी सकाळी चार तास गाडी हाणत विंडसरला पोचलो. वाटेत मी स्वतःच्याच पाठीवर इतक्या वेळा शाबासकी दिली, की खांदा दुखायला हवा होता.

काकांनी तीन गाणी मान खाली घालून ऐकली. मग म्हणाले, "छान आहेत. पण ह्यात माणसं नाहीत." आणि मला हाताला धरून गाडीत नेलं.

इतकी वर्षं भाषांतराच्या नादात मी नीट ऐकलंच नव्हतं. गाण्यामागे एक खोली होती. कुणीतरी खोकत होतं, चमचा पडत होता, आणि ध्रुपद आलं की एक कोवळा, बेसूर आवाज त्यात उडी घेत होता. काका म्हणाले, "हा मी. चोवीस वर्षांचा." लगेच दुसऱ्या कुणीतरी जपानीत काहीतरी म्हटलं आणि खोली हसली. "हा माझा रूममेट. म्हणतोय, इंदो-सान, म्हणजे इंडियावाल्या, तू गाऊ नकोस, पाऊस येईल. दर नव्या वर्षाला कार्ड यायचं त्याचं. दोन वर्षं आलं नाही."

मला माझ्या चाळीस गाण्यांची लाज वाटली. तरी तज्ज्ञपणा कुठे जातो? मी म्हणालो, "काका, ट्रक यायला अजून दोन तास आहेत. मी फोनवर दोन्ही बाजू रेकॉर्ड करतो." त्यांचा चेहरा एकदम उजळला. मी रुबाबात रेकॉर्डिंग सुरू करून फोन डॅशबोर्डवर ठेवला. गाणं अर्ध्यात आलं तेवढ्यात काकूंनी काच ठोठावली, "अहो, चहा गार होतोय!" काकांनी ओठांवर बोट ठेवलं. बाहेर बोचरं वारं होतं, म्हणून काकू नाइलाजाने मागचं दार उघडून आत बसल्या. ध्रुपद आलं.

"हा कोण मेला ओरडतोय?"

"मी," काका म्हणाले.

"तुम्ही? कधीचे?"

"आपल्या लग्नाच्या दोन वर्षं आधीचा."

काकू पुढच्या सीटला धरून, मान पुढे काढून ऐकत राहिल्या. गाणं संपलं तेव्हा अगदी हळू म्हणाल्या, "परत लावा ना."

काकांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. मी "काका, नको" म्हणेपर्यंत त्यांनी नखाने चिकटपट्टी काढली आणि बटण दाबलं. प्लेअर घरघरला, आतून कट्ट असा आवाज आला, आणि मग काहीच वाजेना.

मी घाईने फोन उचलला, निदान जेवढं झालं तेवढं तरी वाचलं असेल म्हणून. स्क्रीनवर लिहिलं होतं, जागा संपली. माझ्या त्या चाळीस स्वच्छ गाण्यांनी फोन भरला होता, आणि रेकॉर्डिंग चार मिनिटांतच बंद पडलं होतं. असा हा तज्ज्ञ! मी काकांची माफी मागायला तोंड उघडलं, पण ते मागे वळून काकूंकडे बघत होते. म्हणाले, "सेइशुन." काकू म्हणाल्या, "चला, दुसरा चहा टाकते." त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. ट्रक वेळेवर आला. काका त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

ती चार मिनिटं मी दोघांनाही पाठवली. चाळीस गाणी पुसून टाकली. आता ऑफिसला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलो की मी तेच लावतो. मला जपानी अजूनही येत नाही, पण कुठे चमचा पडतो आणि कुठे खोली हसते, ते पाठ झालंय. ध्रुपदाला माझाही बेसूर आवाज आपसूक निघतो आणि शेजारच्या गाडीतला माणूस काच वर करतो. शेवटी काकू म्हणतात, "परत लावा ना," आणि रेकॉर्डिंग तिथेच संपतं. मोठ्या माणसांचा शब्द मोडायचा नाही, म्हणून मी परत लावतो.