पोटातलं कातडीवर

सोलापुरात ज्याच्या गालावर पुटकुळी उठली आणि तरीही माझ्या आत्याच्या यजमानांनी ज्याच्या पोटाची चौकशी केली नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची हयात गेली. टॉवेलवर डाग दिसला तर टॉवेलला बोल लावायचा नाही, मागं जाऊन सूत बघायचं, ही त्यांची शिस्त. निवृत्त झाल्यावर टॉवेल संपले आणि माणसांचे चेहरे सुरू झाले. रिक्षात शेजारच्या अनोळखी गृहस्थाच्या मानेवर नायटा दिसला, की मामा आवाज जराही खाली न आणता विचारायचे, "पोट साफ हुतं का तुमचं?" ते गृहस्थ पुढच्याच चौकात उतरून जायचे आणि रिक्षातल्या बाकीच्यांच्या नजरा माझ्याकडे वळायच्या.

विषय त्यांना वर्तमानपत्रातल्या आरोग्याच्या पानानं दिला होता. भाषा त्यांची स्वतःची. "पोटात जंतूंचं एक गाव आसतंय," ते सांगायचे. "गावात भांडण लागलं की धूर कातडीवर निघतोय." हे गाव सुखात राहावं म्हणून घरचं दही ते स्वतः विरजायचे, आत्यालाही त्या पातेल्याला हात लावू द्यायचे नाहीत. शेंगाची चटणी त्यांनी सोडली होती, आणि सोलापुरात राहून ती सोडणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेनं बघतात ती ते हसत झेलायचे. लग्नाला जाताना पिशवीत आहेराच्या जोडीला ताकाची बाटली असायची.

माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी कळस केला. स्टेजवर नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, तिच्या हनुवटीवरची पुरळ मेकअपखालूनही ओळखली आणि तिथंच विचारलं. निवेदकाच्या हातातला माईक चालू होता. "बाळ, रोजच्या रोज साफ हुतं न्हवं?" हे वाक्य अख्ख्या मंगल कार्यालयानं ऐकलं. नवरीच्या मैत्रिणी खिदळल्या, नवरीनं मान खाली घातली, आणि मी जेवण न करताच गाडी काढायच्या निमित्तानं बाहेर पळालो. मामांना मात्र काय चुकलं ते कळलंच नाही. "काळजीनंच इचारलं की," ते म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात आत्याचा फोन आला. "तुझं मामा लई खुळ्यागत कराय लागल्यात. एवढ्या उन्हात लांब बाह्यांचा सदरा, आन् ताकाशिवाय पोटात काय बी न्हाय." मी गेलो तेव्हा ते मोरीच्या दारात चक्कर येऊन बसले होते. पाणी मारायला त्यांच्या बाह्या वर सारल्या, तर दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे, त्यांवर पांढरे पोपडे. मामांनी झटकन बाह्या खाली ओढल्या. चोरी उघडकीला आलेल्या माणसाचा चेहरा झाला होता त्यांचा.

"कवापासनं?"

"पाडव्यापासनं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "कुणाला सांगू नगंस."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांना मी जवळजवळ ओढतच नेलं. बाईंनी हात बघायच्या आधीच मामा म्हणाले, "डॉक्टर, माझं पोट रोज साफ हुतं. देवाशप्पत."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"मी कुठं नाही म्हणतेय?" बाई म्हणाल्या. "हा सोरायसिस आहे. पोटाचा आणि कातडीचा संबंध असतो, त्यावर अभ्यासही चाललाय. पण एवढ्या एकाच गोष्टीवर हे ठरत नाही. घराण्यातून येतं, काळजीनं वाढतं. कुणाला लागत नाही, आणि यात तुमचा काही गुन्हा नाही. उपास बंद करा. नीट जेवा."

मामांनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "ती पोरगी... स्टेजवरची. तिला बी आसंच वाटलं आसंल न्हवं?"

बाईंनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

मलमानं चट्टे बरेच निवळले. पूर्ण जाणार नाहीत, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. मामा आता दोन्ही वेळा जेवतात, पण कुणाच्या चेहऱ्याकडे निरखून बघत नाहीत. रिक्षात बसले की बाहेरची दुकानं बघतात. त्यांच्याबरोबर बाहेर पडायची आता कुणालाच लाज वाटत नाही, आणि माझा प्रवास फार शांततेत होतो. ही शांतता मला सोसत नाही.

परवा संध्याकाळी गेलो, तर ते दारातल्या खुर्चीवर वाऱ्याला बसले होते. रस्त्यानं ओळखीची माणसं येत-जात होती. मामांनी उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली होती. डावी अजून मनगटाशी होती, बटण लावलेली.