चारही आवाज ताईंचेच

एकाच बाईचा आवाज चारदा रेकॉर्ड करून एकावर एक चढवला, तर त्याला समूहगान म्हणायचं का?

घरकामगार बायकांच्या मोर्चासाठी मी माझ्या खोलीत गाणं रेकॉर्ड करत होतो. भिंतींवर गोधड्या, स्वस्तातला माइक, आवाज नको म्हणून पंखा बंद. घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या सुशीलाताई माइकच्या अगदी जवळ येऊन हळू गायल्या, तेव्हा आवाजाला ऊब आली. तेच कडवं त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं आणि सगळे आवाज एकावर एक ठेवले. गाणं भरून आलं. मी खूश.

ताईंनी हेडफोन काढला. "झ्याक झालंय रे. पण चारही मीच? बाकीच्या काय भांडी घासायला गेल्यात?"

खरंच गेल्या होत्या. कुणालाच सुट्टी मिळाली नव्हती.

आम्ही हसलो, पण मला ते लागलं. 'आम्ही' म्हणणाऱ्या गाण्यात एकटीचीच गर्दी करणं म्हणजे निवेदनावर खोट्या सह्या करणं. ताईंचा एक आवाज ठेवून बाकीचे मी पुसले. आता गाणं ओकंबोकं वाटतं.

तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंना या रविवारी सुट्टी द्या. पगार न कापता. त्यांना गायला येऊ द्या.